मार्लिसचे चार सेकंद

मार्लिस कांगस ऑफिसात शिरली ती हसतच. डाव्या हाताला रुमाल गुंडाळलेला, त्यातून रक्त झिरपतंय, लोकरी टोपीवर गाडीच्या काचेचा चुरा, आणि बाई हसतेय.

“लॅपटॉप गेला,” ती म्हणाली. “पण व्हर्ना, चार सेकंद! कदाचित साडेतीनच. बॅटरी खेचली आणि दिली भिरकावून बर्फात. तू घड्याळ घेऊन उभी असतीस ना, तर मला कडेवर घेऊन नाचली असतीस.”

मी नाचले नाही. तिला खुर्चीवर बसवलं, हात धुतला, पट्टी बांधली आणि कोण होतं म्हणून विचारलं.

“ब्रेंट हॉगस्टॅड.”

आमची संस्था नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांना लपायला घर शोधून देते. डुलुथमधल्या एका चर्चच्या तळघरात दोन खोल्या, एक कॉफीचं यंत्र आणि सात लॅपटॉप, एवढाच आमचा पसारा. कोणती बाई कुठे राहते ते एकाच फाइलमध्ये असतं आणि ती फाइल कुलूपबंद असते. ते कुलूप मी बसवलेलं. सव्वीस वर्षं कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काढून मी निवृत्त झाले आणि इथे फुकट राबायला लागले. फुकट म्हणजे कॉफी आणि मार्लिसचे टोमणे मिळतात.

ब्रेंटची बायको कॅरिसा दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. तीनदा त्याने तिला शोधून काढलं. टू हार्बर्स गावातलं घर हे चौथं. त्यांची मुलगी टेसा सात वर्षांची. आल्यापासून ती घराबाहेर कुणाशी बोलत नव्हती, वर्षभर एक शब्द नाही. हल्ली शाळेत बाईंशी बोलायला लागली होती. आणि ब्रेंटची नोकरी कसली, तर पुलापलीकडे सुपीरियर गावात, मेलेल्या डिस्कांमधून माहिती बाहेर काढून देण्याची; वीज, वायरी, सगळं सामान त्याच्या व्हॅनमध्येच. साधा दांडगट असता तर मला एवढी भीती वाटली नसती.

“नीट सांग,” मी म्हटलं. “पहिल्यापासून.”

“किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये होते. एका बाईला तिथे भेटायचं होतं, तिला उशीर झाला, म्हणून म्हटलं तोवर फॉर्म भरून टाकू. मांडीवर लॅपटॉप, फाइल उघडी. काचेवर टकटक झाली. बघते तर हा. गुड मॉर्निंग मार्लिस, म्हणतो मेला! मी लॅपटॉप उलटा केला, बॅटरी काढली, पलीकडचं दार उघडून फेकली. तोवर याने काच फोडली, माझ्या हातातून लॅपटॉप हिसकावला आणि दोन रांगा सोडून याची पांढरी व्हॅन होती तिथे पळाला. मी दुकानात धावले. पोलीस त्याच्या घरी गेले, कामावर गेले, कुठेच नाही तो.”

“बॅटरी काढल्यापासून व्हॅनपर्यंत किती वेळ?”

“पाऊण मिनिट असेल. का? वीज गेली म्हणजे किल्ली गेली ना? तूच शिकवलंस की!”

मीच शिकवलं होतं. ही गोष्ट इथे सांगून टाकलेली बरी, नाहीतर पुढे धीर होणार नाही. फाइल उघडी असते तेव्हा कुलपाची किल्ली मशीनच्या मेमरीत असते, आणि वीज गेली की मेमरी कोरी होते, असं आम्ही सगळेच वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. म्हणून माझा पहिला नियम: संकट आलं की बॅटरी ओढा. नुसतं सांगून भागत नाही, हाताला सवय लागायला हवी, म्हणून दर ऑगस्टमध्ये आमच्या सहलीला मी शर्यत लावायची. तळ्याकाठी टेबलावर लॅपटॉप मांडलेले, मी शिट्टी मारायची, आणि सगळ्या बायका बॅटरी काढायला तुटून पडायच्या. घड्याळ माझ्या हातात. जिंकणारीला सोनेरी रंग दिलेली एक जुनी बॅटरी आणि कॅरॅमल वड्यांचा डबा. मार्लिस सलग तीन वर्षं जिंकली होती. ती बॅटरी तिच्या टेबलावर नातवंडांच्या फोटोशेजारी असते.

आणि गेल्या वर्षी कळलं की ते खरं नाही. वीज गेल्यावरही मेमरी लगेच कोरी होत नाही, हळूहळू पुसट होते. तेवढ्या वेळात कुणी पुन्हा वीज जोडून पेनड्राइव्हवरचा आपला प्रोग्राम चालू केला, तर उरलेलं सगळं उतरवून घेता येतं, त्यात किल्लीही. मी मार्चमध्ये सगळ्या लॅपटॉपांवर एक उपाय बसवला: मशीन रीतसर बंद केलं की ते आधी मेमरीवर बोळा फिरवतं आणि मगच विझतं. त्याला दीड मिनिट लागतं. बॅटरी ओढली तर बोळा फिरतच नाही. हे सगळं मी एका दोन पानी ईमेलमध्ये लिहून पाठवलं. कुणी वाचलं नाही आणि वाचलं का म्हणून मीही विचारलं नाही. ऑगस्टमध्ये सहल आली. बायका बाह्या सरसावून उभ्या होत्या, वड्यांचा डबा भरलेला होता, आणि त्यांच्यासमोर उभं राहून ‘पाच वर्षं मी तुम्हाला चुकीचं शिकवलं’ असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मी शिट्टी मारली.

“व्हर्ना? अगं तोंड का असं झालंय तुझं?”

“तपासून बघते,” मी म्हटलं.

त्याच मॉडेलचे सहा लॅपटॉप ऑफिसात होतेच. एकाच्या मेमरीत ओळखीचा मजकूर भरला, बॅटरी ओढली, घड्याळ लावलं. वीस सेकंद थांबून वीज जोडली, पेनड्राइव्हवरून वाचलं. निम्म्याहून जास्त पुसलेलं. पुन्हा केलं, या वेळी पंचेचाळीस सेकंद. एक अक्षर धड उरलं नव्हतं. तिसऱ्यांदाही तेच. माझ्या जिवात जीव आला. म्हणजे माझा जुना नियम या मशीनपुरता तरी खराच होता! मार्लिसला मिठीच मारली मी, आणि तिला का ते कळलं नाही.

सव्वाअकराला कॅरिसाला फोन लावला. ती बेकरीतली पहाटेची पाळी संपवून नुकतीच घरी आली होती. झालं ते सांगितलं.

“निघू का मग?” ती म्हणाली. “बॅग दाराशीच असते माझी. फक्त टेसाला शाळेतून काढावं लागेल. आज तिला वर्गात मोठ्याने वाचायचंय. दीड वाजता. बेडकाची गोष्ट आहे, एक पानच. आठवडाभर न्हाणीघरात दार लावून सराव चाललाय तिचा.”

“निघायची गरज नाही.”

“नक्की? व्हर्ना, तुम्ही म्हणाल तसं करते मी. पण नक्की सांगा.”

“नक्की,” मी म्हटलं. “मी स्वतः तीनदा तपासलंय. त्याच्या हाती डबडं लागलंय नुसतं. टेसाला वाचू दे. तू फक्त फोन बंद करून बॅटरी काढून ठेव, म्हणजे त्यावरून तुझा माग काढता यायला नको. संध्याकाळी मार्लिस येऊन भेटेल.”

“थँक यू,” ती म्हणाली, आणि रडली थोडीशी. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

फोन ठेवला तरी पाय मात्र एका जागी ठरेनात. कॉफी ओतली, प्यायले नाही. तीनही वेळचे आकडे पुन्हा पाहिले. टाचणी डब्यात ठेवली, काढली. मार्लिस पोलिसांना गाडी दाखवायची म्हणून कोट चढवत होती.

“फुटक्या काचेतून वारं लागेल गं तुला,” मी म्हटलं.

“काच होती तेव्हा काय मोठी ऊब होती?” ती म्हणाली. “दोन हिवाळे हीटर बंदच आहे माझा. सकाळी टाइप करताना बोटं अशी आखडली की कॅरिसाचं नाव तीनदा चुकलं.”

ती जिना चढून गेली आणि मी हातातला कप तसाच धरून उभी राहिले.

तिच्या गाडीच्या हीटरवरून आम्ही सगळ्यांनी दोन वर्षं चेष्टा केली होती. बोटं कापलेले मोजे घालून ती गाडीत काम करते, श्वासाची वाफ पडद्यावर गोठते म्हणते. बाहेर त्या दिवशी उणे वीस होतं. आणि मी तपासलं कुठे? रेडिएटरला चिकटून असलेल्या टेबलावर, अंगात पातळ ब्लाउज. गरम तव्यावरचं पाणी चटकन उडतं, गारठलेल्या फरशीवरचं रेंगाळतं. मेमरीचंही अगदी तसंच आहे. गारठ्यात ती टिकते. म्हणून तर अशी माहिती चोरणारे धूळ उडवायचा हवेचा डबा उलटा धरून चिपांवर फवारतात, त्यांना गोठवायला. हे माझ्या त्या दोन पानी ईमेलमध्ये लिहिलेलं होतं. मी लिहिलेलं!

लॅपटॉप, वायर आणि घड्याळ घेऊन मी कोटाशिवाय वर धावले. मार्लिसच्या गाडीत बसले. लॅपटॉप चालू करून मांडीवर ठेवला आणि दहा मिनिटं गारठू दिला, तिचा सकाळी होता तसा. ती बाहेरून ओरडत होती, “वेड लागलंय का तुला? कोट घाल!” मी बॅटरी ओढली. पाऊण मिनिट. चर्चच्या भिंतीवर गाड्यांची इंजिनं गरम ठेवायला प्लग असतात, त्यात वायर घालून मशीन उठवलं.

सगळं होतं. अक्षर न् अक्षर. पुन्हा केलं, दोन मिनिटं थांबून. होतं. पाच मिनिटं थांबून केलं तेव्हा कुठे इकडे तिकडे चार अक्षरं फुसकी निघाली.

कॅरिसाला फोन लावला. बंद. अर्थात बंद. मीच बॅटरी काढून ठेव म्हटलं होतं. तरी लावत राहिले, निरोप ठेवत राहिले. घरात दुसरा फोन नाही. तोही नियम माझाच. शेजाऱ्यांचा नंबर ठेवायचा नाही, हाही.

“गाडीत बस,” मी मार्लिसला म्हटलं. “माझ्या. टू हार्बर्स.”

तिकडच्या पोलिसांना, शेरीफच्या ऑफिसला, वाटेतूनच कळवलं. त्यांची डेप्युटी वरच्या बाजूला एका अपघातावर होती, पाऊण तासात पोचते म्हणाली. उजव्या हाताला अफाट सरोवर थंडीने वाफाळत होतं, रस्त्यावर बर्फाची पूड सरपटत होती, आणि प्रत्येक पांढरी व्हॅन दिसली की माझा पाय ब्रेकवर जायचा. त्या दिवशी देशातल्या सगळ्या प्लंबरांनी आणि इलेक्ट्रिशियनांनी पांढऱ्याच व्हॅन का घेतल्या होत्या कोण जाणे.

“मला कोणी काही सांगेल का?” मार्लिस म्हणाली.

सांगितलं. ईमेल, बोळा, दीड मिनिट, गारठा. बॅटरी ओढली नसती आणि नुसता बंद करायचा प्रयत्न केला असता तरीही वेळ पुरला नसता कदाचित. पण निदान पुसायला सुरुवात तरी झाली असती. आणि पार्किंगमध्ये फाइल उघडी ठेवून बसायचंच नाही, हे मी सहलीत शिट्टी मारायच्या ऐवजी शिकवायला हवं होतं.

मार्लिस मोठ्या तोंडाची बाई आहे. मी वाट बघत होते की आता सुरू होईल. ती पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत बसली.

“तीन वर्षं जिंकले गं मी,” ती म्हणाली.

मी गाडी आणखी जोरात हाकली.

टू हार्बर्सला पोचलो तेव्हा एक वाजायला पाच मिनिटं कमी होती. कॅरिसाने खिडकीतून आम्हाला पाहिलं आणि दार उघडायच्या आधीच तिचा चेहरा उतरला. स्वयंपाकघरात दालचिनीचा वास येत होता. टेसा वाचून आली की द्यायला तिने रोल भाजले होते.

“मी चुकले,” मी दारातच म्हटलं. “त्याच्याकडे किल्ली असणार. सकाळी मी जे सांगितलं ते ऊबदार खोलीत बसून—”

“म्हणजे नक्की नव्हतं.”

“नाही.”

“पण तुम्ही नक्की म्हणालात.”

“हो.”

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ओव्हन बंद केला, दाराआडची बॅग उचलली, टेसाचं पांघरूण आणि उशीखालचं सशाचं खेळणं घेतलं. पाच मिनिटांत घर आवरलं तिने. हाताला सवय होती. मग कोटाची बटणं लावत माझ्यासमोर उभी राहिली.

“ब्रेंटचंही असंच असायचं,” ती म्हणाली. “प्रत्येक गोष्ट नक्की. मला वाटायचं, इतकं ठामपणे बोलतोय म्हणजे त्याला माहीत असणार. मला माहीत नाही, असं कोणी म्हटलेलं ऐकूनच किती वर्षं झाली.”

मी गाडीची किल्ली मार्लिसच्या हातात दिली. त्या दोघी शाळेतून टेसाला उचलून तशाच पुढे उत्तरेला जाणार होत्या. दीड वाजायच्या आधी. बेडकाच्या गोष्टीच्या आधी.

“आणि तू?” मार्लिसने विचारलं.

“डेप्युटी येईल तिला कोणीतरी सगळं सांगायला हवं.”

ते खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. मला तिथून हलवेना. तो येतो की नाही, ते मला बघायचं होतं. चूक माझी होती, तिचा हिशेब दुसऱ्या कुणावर सोडून मी घरी जाऊन चहा पिणार नव्हते.

डेप्युटी आली, चाळिशीची, गंभीर, नाक लाल झालेली. तिने आपली गाडी शेजारच्या गॅरेजमागे लावली आणि मागच्या दाराने आत आली. मी जमेल तेवढं समजावलं.

“म्हणजे विझवलेल्या मशीनमधून त्याने पत्ता वाचला असेल, असं तुमचं म्हणणं?”

“असेल. मला माहीत नाही.” हे शब्द तोंडातून किती अवघड निघाले!

ती स्वयंपाकघरात दाराआड उभी राहिली. मी बैठकीच्या खोलीत फेऱ्या मारल्या. बसले, उठले, पडदा नीट केला, पुन्हा वाकडा केला. टेसाची एक छोटी बूट-जोडी दाराशी राहिली होती, ती उचलून कपाटात ठेवली, मग वाटलं विसरायला होईल, म्हणून परत बाहेर काढली. मनात एकच घोकत होते की येऊ नकोस. माझी गाडीतली परीक्षा चुकलेली असू दे. तुझा हात थरथरलेला असू दे, वायर सैल असू दे, फुसकी निघालेली चार अक्षरं नेमकी किल्लीतलीच असू देत. आयुष्यभर प्रयोग केले, पण आपला प्रयोग फसावा म्हणून कधी असा जीव टांगणीला लागला नव्हता.

दोन वाजून दहा मिनिटांनी व्हॅन रस्त्याच्या टोकाला दिसली. घरांचे नंबर वाचत असावी इतकी हळू येत होती. दारासमोर थांबली. तो उतरला, पायातला बर्फ पायरीवर नीट आपटून झाडला आणि बेल वाजवली. सभ्य पाहुण्यासारखी, एकदाच.

दार डेप्युटीने उघडलं. फार काही झालं नाही. कोर्टाने त्याला कॅरिसाच्या आसपास फिरकायलाच बंदी केली होती, आणि लॅपटॉप व्हॅनच्या पुढच्या सीटवर उघडाच होता. तो एवढंच म्हणाला, “मी फक्त बोलायला आलो होतो.” ते सुद्धा अगदी ठामपणे.

मी मार्लिसच्या फोनवर कळवलं. कॅरिसाने घेतला.

“तो आला होता,” मी म्हटलं. “पकडलाय त्याला.”

“पकडलाय की पकडतील?”

“माझ्या डोळ्यांसमोर बेड्या घातल्या. गाडीत बसवलाय. गाडी गेली. पुढे किती दिवस आत राहील ते मला माहीत नाही.”

मागून एक बारीक आवाज येत होता, अडखळत, एकेक शब्द जोडत जाणारा.

“टेसा मार्लिसला वाचून दाखवतेय,” कॅरिसा म्हणाली आणि फोन ठेवला.

डेप्युटी दुसऱ्या पोलिसाला घेऊन तासाभरात मला न्यायला येणार होती. घर निवत चाललं होतं. मी रोल झाकून ठेवले, आणि तेव्हा टेबलावर कॅरिसाचा फोन दिसला. घाईत राहिला होता. शेजारी त्याची बॅटरी, कागदाच्या नॅपकिनवर, सरळ रेषेत ठेवलेली. मी सांगितलं होतं ना, काढून ठेव म्हणून. तिने अगदी तस्संच केलं होतं.

मी बॅटरी आत बसवली. पडदा उजळला, फोन थरथरला, आणि मग थांबेचना. नऊ निरोप, सगळे माझे. मी खुर्ची ओढून बसले आणि पहिला लावला.

“कॅरिसा, फोन उचल. मघाशी मी सांगितलं ते खरं नव्हतं. तू लगेच नीघ. कॅरिसा, ऐकते आहेस ना?”

मी नऊच्या नऊ ऐकले.